गैरसमजाच्या काळात विश्वास टिकवताना: खान्देशातल्या विश्वासणाऱ्यांसाठी

खान्देशात माणूस येशूवर विश्वास ठेवू लागला की पहिला प्रश्न देवाचा निघत नाही, भाऊबंदकीचा निघतो. कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, बसणार का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर कोण भरणार? लग्नात मानाला उभा राहणार का? धुळे-जळगावकडे हे अहिराणीत विचारतात, नवापूर-अक्कलकुव्याकडे मावची, भिली, पावरीत. विचारणाऱ्याच्या मनात एकच असतं: "तू आते आमना ऱ्हायना का नही?"

हे नीट ऐकलं तर पुढचं बरंच सोपं जातं. समोरच्याला शास्त्रातला वाद नको असतो, माणूस हातचा जाईल ही भीती असते. म्हणून टिकायचं असेल तर दोन गोष्टी बरोबरीनं कराव्या लागतात. कुठे वाकणार नाही ते मोजकं आणि आधीच ठरवायचं, आणि बाकी सगळीकडे पूर्वीपेक्षा जास्त हजर राहायचं. पहिलं करून दुसरं सोडलं तर माणूस एकटा पडतो. दुसरं करून पहिलं सोडलं तर वर्षभरात प्रार्थनाही सुटते.

आधी दोष कुठे आहे ते पाहा

पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:१५-१६) सरळ भेद केला आहे. ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका. पण चोरी, वाईट काम किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केली म्हणून सोसण्याची वेळ आणू नका. एक कागद घ्या. गेल्या काही महिन्यांत लोक तुमच्याबद्दल जे जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे येशूमुळे की माझ्या वागण्यामुळे? हा कागद एकट्यानं भरू नका. पाळक किंवा मंडळीतला एखादा जाणता माणूस शेजारी बसवा, कारण आपल्या चुकीला 'छळ' म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो.

या कागदावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या काही गोष्टी आहेत.

आवाज. पत्र्याच्या खोलीत वीस माणसं आणि दोन मोठे स्पीकर लावले, की गल्ली चिडणारच, तिथे भजन कुठल्या देवाचं आहे हा प्रश्न नंतरचा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावायला कायद्यानंच बंदी आहे. पण १० पर्यंत वाट पाहूच नका. वीस माणसांना माईक लागत नाही. शेजारी परीक्षेचं पोर किंवा आजारी म्हातारं असेल तर आधी विचारून घ्या.

औषध. "प्रार्थना केली, आता गोळी नको" हे वाक्य मंडळीत कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. नंदुरबार भागात सिकलसेल आहे, टीबी आहे. टीबीच्या गोळ्या सहा महिने तरी चालतात, आणि बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडल्या तर रोग उलटतो, मग औषधालाही दाद देत नाही. असा एक माणूस दगावला की पूर्ण गाव मंडळीला दोष देतं, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही. हिज्कीया राजासाठी यशयानं अंजिराचा लेप लावायला सांगितलं होतं (२ राजे २०:७), आणि पौलाचा सोबती लूक वैद्य होता. प्रार्थना करा, आणि रुग्णाला दवाखान्यात न्यायलाही तुम्हीच पुढे व्हा.

पैसा. मदत येत असेल, मग ती वह्या-पुस्तकांची असो, दवाखान्याच्या बिलाची असो, तिचा हिशेब उघडा ठेवा, आणि मदत देताना प्रार्थनेला येण्याची अट चुकूनही घालू नका. वर्गणीची वही दोन जणांच्या सहीनं ठेवावी. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:२०-२१) पौलानं दान पोचवायला एकाहून अधिक माणसं पाठवली ती याच काळजीनं, की कुणी बोट ठेवू नये.

लोकांच्या देवाला नावं ठेवणं. याला काहीच सबब नाही. पौल इफिसात दोन वर्षांहून जास्त राहिला, तिथलं अर्तमीचं देऊळ जगभर प्रसिद्ध होतं. दंगा झाला तेव्हा त्या नगराच्याच अधिकाऱ्यानं गर्दीला सांगितलं, की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). तुमच्या गावचा पोलीस पाटील तुमच्याबद्दल हेच सांगू शकेल का, हे कागदाच्या तळाला लिहून ठेवा.

जे आपल्या वागण्यामुळे आहे ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा, आणि ज्याला त्रास झाला त्याच्या दारात जाऊन तसं सांगा. उरेल ते येशूच्या नावामुळे. ते धीरानं सोसता येतं, कारण त्यात स्वतःचा दोष टोचत नसतो.

सण आला की

खरी कसोटी इथे लागते, म्हणून इथे घाई नको.

कानबाईचं घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी विसर्जन. रोटासाठी गहू मोजतात तो अनेक घरांत पुरुषमाणसांच्या गणतीनं, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. आता विचार करा, तुम्ही आयत्या वेळी "मी बसणार नाही" म्हणालात तर आईच्या हातातली एक सव्वा मूठ परत डब्यात जाते. तिच्या दृष्टीनं तुम्ही देव नाकारला ही पुढची गोष्ट, आधी तुम्ही तिच्या मोजणीतून उठून गेलात. नकार द्यायचा असेल तर गहू मोजण्याच्या पंधरा दिवस आधी द्या, एकट्या आईला, शांतपणे. आणि त्याच बोलण्यात पुढचंही सांगा: घर सारवायला किंवा रंगवायला मी आहे, किराणा मी आणून देतो, पाहुणे जेवायला येतील त्यांची पाणी-पत्रावळ माझ्याकडे.

ही पद्धत दानीएलाची आहे. पहिला अध्याय सावकाश वाचा. बाबेलात त्यानं परकं नाव घेतलं, परकी भाषा शिकला, राजाची चाकरी पत्करली. एका ताटावर मात्र तो अडला. तिथेही त्यानं ताट लोटलं नाही. मनात आधी निश्चय केला, मग अधिकाऱ्याला विनंती केली, भाजी-पाण्याचा पर्याय दिला आणि दहा दिवसांची मुदत मागितली. निश्चय, विनंती, पर्याय, मुदत. चारातलं एक जरी गळलं तरी नकार उद्धटपणा वाटतो. आपल्याकडे बहुधा पर्यायच गळतो.

आखाजीला तर पूजेपेक्षा नातंच जास्त असतं. पितरांच्या नावानं घागर भरून पुजतात, तो भाग तुमच्या विश्वासात बसणार नाही. पण सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, सालदाराचं नवं साल त्या दिवशी सुरू होतं. यातलं काय सोडायचं? काहीच नाही. बहिणीला आणायला स्टँडवर तुम्ही जा. झोक्याचा दोर तुम्ही बांधा. दरवर्षी घागर भरण्याचा मान तुमच्याकडे असेल तर धाकट्या भावाशी आधीच बोलून तो त्याला द्या. आयत्या वेळी जागा रिकामी दिसली की वडिलांचा अपमान सगळ्या भाऊबंदांसमोर होतो, आणि तो राग वर्षानुवर्षं जात नाही. होळी असो, देवमोगरा मातेची यात्रा असो, इंदल असो, प्रत्येक सणाची अशीच उकल करा. पूजा कुठली, जेवण कुठलं, नातं कुठलं, हे वेगवेगळं लिहून काढा. पूजेतून बाजूला राहा, बाकी सगळ्यात हजर राहा.

जेवणाचा नियम पौलानं दिलेलाच आहे (१ करिंथ १०:२७-२९). कुणी बोलावलं तर समोर येईल ते काहीही न विचारता जेवा. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. भंडाऱ्याच्या वरण-बट्टीवर मंडळ्यांमध्ये एकमत नाही. तुमच्या पाळकांशी बोलून एकदा काय ते ठरवा, आणि मग त्यात दरवेळी बदल करू नका. एका घरी खाल्लं, दुसऱ्या घरी नाकारलं, की लोकांना ती जात पाहून केलेली निवड वाटते. नाकारताना हात मागे घेऊ नका, ताटाला पाय लागेल असं उठू नका. दोन्ही हात जोडून "मला नको, पण तुम्ही आठवणीनं आणलंत" एवढं म्हणा.

म्हाताऱ्या आईला चैत्रात सप्तशृंग गडावर जायचं असतं आणि गाडी चालवणारे घरात तुम्ही एकटेच. काय करावं? आमच्या मते न्यावं. नामान सेनापतीनं अलीशाला हेच विचारलं होतं: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याचं काय? संदेष्ट्यानं त्याला शांतीनं जायला सांगितलं (२ राजे ५:१८-१९). आईचा हात धरणं ही आईची सेवा. देवाच्या नावाखाली आईबापाची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूनं फार कडक शब्दांत सुनावलं आहे (मार्क ७:९-१३).

आणि मयत. मयतीला पहिल्या तासात पोचा. खांदा द्या, लाकडं किंवा खड्डा यांच्या कामाला लागा, रडणाऱ्यांजवळ बसा. विधीत भाग न घेता हे सगळं करता येतं. लग्नाला न गेलेला माणूस गाव विसरेल, मयतीला न आलेला विसरत नाही. तुमच्या स्वतःच्या घरातल्या दफनाची जागा आणि रीतही ग्रामपंचायतीशी व भाऊबंदांशी बोलून आधीच ठरवा. मृतदेह दारात ठेवून हा वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नका.

विचारलं तर काय बोलायचं

तीन वाक्यांपेक्षा मोठं उत्तर तयार करू नका. पारावर चौथं वाक्य कुणी ऐकत नाही. पेत्र सांगतो ते लक्षात ठेवा: आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेनं (१ पेत्र ३:१५-१६). विचारणाऱ्याला. न विचारणाऱ्याच्या मागे लागू नका.

"कितला पैसा भेटना?" याचं उत्तर त्याच बोलीत द्या: "नाना, पैसा कोनीच दिधा नही. मन्हा मनले शांती भेटनी म्हनीसन मी प्रार्थना करस. मी तुमनाच शे, काम व्हई तं हाक मारा." घरात अहिराणी आणि विश्वासाबद्दल बोलताना छापील मराठी, असं केलं की ऐकणाऱ्याला ते शिकवून पाठवल्यासारखं वाटतं. उत्तर मोठ्यानं म्हणून पाहा. जीभ अडखळते तिथला शब्द बदला.

दाखल्याचा आणि सवलतीचा प्रश्न हमखास येतो, तेव्हा खरं तेच सांगा. अनुसूचित जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नसतो. अनुसूचित जातींचं तसं नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे, पुढच्या दुरुस्त्यांसह, तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ही गोष्ट लपवून बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचं कुटुंब नंतर अडचणीत येतं आणि फसवल्याची भावना होते. म्हणून पाळकांनीच ती आधी समजावून सांगायला हवी.

टोमण्याला उत्तर नसतं. शिवीलाही नाही. भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही आलं तर तिथे एक अक्षरही लिहू नका. पाठवणाऱ्याला फोन करा किंवा घरी जा. ग्रुपवर पन्नास जण बघत असताना कुणीही माघार घेत नाही.

घरात स्वतः सांगा

आईबापाला किंवा नवरा-बायकोला तुमच्या विश्वासाची बातमी बाहेरून कळता कामा नये. लग्नघर, सुतक, पेरणीची धांदल आणि कापूस वेचणीचे दिवस टाळा. जेवणं झाल्यावर, माणसं कमी असताना सांगा. काय बदलणार नाही ते आधी, काय बदलणार ते नंतर. जोडीदार तयार नसेल तर बाप्तिस्म्याची घाई नको, आणि अठराच्या आतल्या मुलामुलींना आईबापाच्या मागे बाप्तिस्मा देऊच नये.

एका बैठकीत कुणी समजून घेईल अशी अपेक्षा धरू नका. येशूच्या घरच्यांनाच त्याला वेड लागलंय असं वाटून ते त्याला धरून न्यायला आले होते (मार्क ३:२१), त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते (योहान ७:५). त्यांच्यातलाच याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. आपल्या महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दूर झाल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधली वर्षं टिळकांनाही ढकलून कमी करता आली नाहीत.

रोजची शिदोरी

हे सगळं पेलायला आत काहीतरी हवं. पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज. सुरुवात मार्कापासून करा: सोळा अध्याय, रोज एक, सोळा दिवस. मग पेत्राचं पहिलं पत्र, पाच दिवस. ते छळ सोसणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे. वाचून झाल्यावर ज्यानं दुखावलं त्याचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा: त्याच्या कपाशीला भाव मिळावा, त्याच्या मुलीचं लग्न जमावं. मोघम "त्यांना क्षमा कर" म्हणून राग उतरत नाही, नेमकं मागितलं की उतरतो.

आठवड्याला एक वचन पाठ करा. पहिली चार ही घ्या: मत्तय ५:४४, रोमकरांस १२:१८, १ पेत्र ३:१५ आणि स्तोत्र २७:१०. शेवटच्यात आईबापानं टाकलं तरी परमेश्वर जवळ घेईल असं आहे. घरून बोलणं बंद झालेल्या माणसाला त्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही. वाचता येत नसेल तर ऐका. अहिराणी, मावची, पावरी या बोलींतही नवा करार मोबाइलवर मिळतो.

बिघडतं कुठे? उत्साहात पहाटे चारला तासभर प्रार्थनेचा नेम धरला जातो. मग मोटारीला रात्रीची लाइट येते, रात्रभर केळीला पाणी भरून माणूस सकाळी आडवा होतो, दोन दिवस नेम चुकतो, आणि अपराधी वाटून तो पूर्णच सुटतो. म्हणून वेळ घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा: पहिला चहा, गुरांची धार, बारं फिरवून बांधावर बसण्याची वेळ. विरोध असलेल्या एका खोलीच्या घरात मोठ्यानं प्रार्थना करू नका. येशूनं एकांतातच प्रार्थना करायला सांगितलं आहे; भाकरी थापतानाही पाठ स्तोत्र मनात म्हणता येतं.

एकटं राहू नका. आठवड्यातून एकदा भेटणारं एक माणूस तरी हवंच, पुरुषाला पुरुष, बाईला बाई. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्यांनी निघण्याआधीच जोडी ठरवावी आणि फोनचा दिवस पक्का करावा. टोळीत पाच-सहा महिने एकट्यानं काढले की परत आल्यावर मंडळीत बसायला संकोच वाटतो.

मारहाण, बहिष्कार

सोसण्याला इथे मर्यादा आहे. येशूनं शिष्यांना एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जायला सांगितलं, आणि दिमिष्कात पौलाला टोपलीत बसवून भिंतीवरून उतरवलं गेलं. जिवाला धोका असेल तर आधी तिथून बाहेर पडा. लगेच ११२ ला फोन करा. बाईला घरात मारहाण होत असेल तर १८१. नंतर तारीख, वेळ, जागा, शब्द, साक्षीदार असं सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा. दखलपात्र गुन्ह्याच्या एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येतो, रजिस्टर करा आणि पावती जपा. जातपंचायतीनं पाणी, किराणा, लग्नसंबंध तोडायला लावले तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मदत क्रमांक १५१००. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते.

तक्रार करणं म्हणजे सूड नव्हे. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलानंही आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं. फक्त तक्रारीत घडलं तेवढंच लिहा, एक शब्द वाढवून लिहू नका.

दबावाखाली मोडलात तर

चारचौघांनी घेरल्यावर "मी नाही हो त्यांच्यातला" असं तोंडून निघून जातं. पेत्राच्या तोंडून तीनदा निघालं. असं झालं तर त्याच आठवड्यात, दर आठवड्याला भेटणाऱ्या आपल्या माणसाला सांगा, देवाजवळ कबूल करा, आणि येणाऱ्या रविवारी उपासनेला जा. दोन रविवार चुकले की तिसरा जड जातो. ज्यांच्यासमोर नाकारलं त्यांच्याकडे लगेच धावून जायची गरज नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं की ती तीन वाक्यं म्हणा.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी अशा माणसाला सभेत उभं करून जाब विचारू नये. पौल गलतीकरांना लिहितो, की अशाला सौम्य वृत्तीनं सावरा, आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःवर लक्ष ठेवा (६:१). घरी जा, त्याच्यासोबत जेवा, आणि रविवारी जाताना त्याच्या दारावरून जा म्हणजे बरोबर निघता येईल.